पर्वतीचा रमणा आणि लोंढ्याची टिपणवही

लोंढा जंक्शनावर रुळांना तीन वाटा फुटतात. एक बेळगाव-मिरजेकडे, दुसरी धारवाड-हुबळीकडे आणि तिसरी कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याकडे. ह्याच गावी गेल्या पावसाळ्यात एका देवस्थानाच्या सभामंडपात आम्हांस बोलावणे आले. विषय लहानसा होता. ग्रामपंचायतींचे ठराव, शाळांचे पट, रानातील जमिनींचे दावे, अशा ह्या भागातील चालू सार्वजनिक घडामोडींची वर्षभर नोंद ठेवणाऱ्या एखाद्या होतकरू अभ्यासकास अल्पसे द्रव्यसाहाय्य द्यावे काय? एका वयोवृद्ध महाजनांनी विचारले, "वकीलसाहेब, हे देवाचे काम कसे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पुण्यास, पर्वतीच्या पायथ्याशी शोधावे लागते.

तेथे असलेल्या रमण्यात पेशवे श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने ही प्रथा एकदम मोडली नाही. वर्षास 50,000 रुपयांची मर्यादा मात्र घातली. त्यातूनच 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे 1849 मध्ये लोकहितवादी प्रभृती मंडळींनी सरकारकडे अर्ज करून ह्या निधीचा काही अंश मराठी ग्रंथांकडे वळवावा अशी मागणी केली. शास्त्रीमंडळींत मोठा क्षोभ झाला, परंतु अल्पावधीत दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच. कालांतराने महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे त्यांपैकी एक. रमण्यातील दान विद्याव्यासंगाच्या वेतनापर्यंत आले ते असे.

मात्र ही हकीकत जितकी गोड वाटते तितकी ती नाही. जोतीराव फुले ह्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक ह्याच कमिटीकडे धाडले व ते नाकारले गेले. भोळ्या कुणब्यास धर्माच्या नावे कसे नाडले जाते हा त्या नाटकाचा विषय. निवाडा करणारे ज्या वर्गातले, त्याच वर्गावर लेखनाचा रोख. मग निकाल दुसरा कोणता लागणार? आम्ही स्वतः देवस्थानांच्या पंगतीत वाढलो असल्यामुळे हे प्रकरण आम्हांस अधिकच बोचते.

आता पुन्हा पर्वतीच. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांत असंतोष माजला आणि त्याची दाद लावण्याच्या खटपटीतून 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा जन्मास आली. देवळाच्या हिशेबाची चौकशी करता करता लोक देशाच्या हिशेबाची चौकशी करू लागले! सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे पेशाने वकील. सभासदाने निदान 50 प्रौढांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे हा नियम वकिली डोक्यातूनच निघाला असावा असे आम्हांस (थोड्या अभिमानाने) वाटते.

ह्या सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी करवून अहवाल सिद्ध केला. 1876-77 च्या दुष्काळात तिने गावोगावची माहिती जमविली. खडी फोडणाऱ्या मजुराचे धान्य दिवसास एक पौंडावर आणण्याचा सर रिचर्ड टेंपलचा हुकूम निघाला, तेव्हा सरकारास लिहिताना सभेपाशी केवळ संताप नव्हता, नोंदी होत्या. 1878 पासून सभेचे त्रैमासिकही निघू लागले. नोंदीचे मोलही लवकरच चुकते करावे लागले. 1896-97 च्या दुष्काळात सभेची माणसे खेड्यांतून रयतेस तिचे हक्क समजावीत हिंडली. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

त्यानंतरचे उदाहरण अधिक शांत आहे. साताऱ्याचे वकील रावबहादूर आर. आर. काळे ह्यांनी भारत सेवक समाजाच्या स्वाधीन केलेल्या देणगीतून 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तेथे धनंजयराव गाडगिळांनी वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची घरोघर पाहणी करविली.

आमच्या लोंढ्याकडे असे कोणी फिरले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ह्या तारखा सर्वांस पाठ आहेत. परंतु त्या प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी येथील शाळेत, चावडीत, बाजारात काय पालटले, हे सांगणारे वृद्ध एकेक करून निघून जात आहेत. न्यायालयात आम्हांस ऐकीव गोष्ट चालत नाही. इतिहासात ती चालते, पण वेळीच लिहून ठेवली तर.

त्या महाजनांस आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. देवस्व हे देवाचेच. न्यासाच्या उद्देशाबाहेर त्यातील पैही खर्चता येत नाही. म्हणून वर्गणीचा निधी निराळा असावा व त्याचा हिशेबही निराळा. दुसरे, अभ्यासक निवडणाऱ्या पंचांत देवस्थानाच्या माणसांचे बहुमत नसावे, आणि मजकूर छापण्यापूर्वी तो पाहण्याचा हक्क देणगीदारास नसावा, मग त्यात देवस्थानाविरुद्ध काही असो. पहिली अट सर्वांनी तत्काळ मानली. दुसरीवर मंडप बराच वेळ स्तब्ध होता. शेवटी ते वृद्ध महाजनच म्हणाले, "लिहा. पण हिशेबाची वही त्या मुलाला प्रथम आमचीच दाखवा." मसुदा आम्ही त्याच रात्री, गाडीची वाट पाहत, लोंढ्याच्या फलाटावर लिहिला.