गावात झाडं लावायला लोक तयार आहेत का? हे मत मोजतात कसं, जाणून घ्या

“झाडं लावायची का?” असं विचारलं तर गावात नाही म्हणणारा माणूस सापडणार नाही. पण “गायरानात लावायची का?” असं विचारलं, की शेळ्या-मेंढ्या राखणारा लगेच विचारतो, “मग जनावरं चारायची कुठं?” दोन्ही प्रश्न झाडांचेच, पण उत्तरं वेगळी. म्हणूनच ‘लोकांचा वनीकरणाला पाठिंबा आहे’ असं कुणी सांगितलं, तर नेमकं काय विचारलं होतं हे आधी बघावं लागतं.

मत मोजायची गरज का पडते?

हवेतला कार्बन शोषून घेण्यासाठी झाडं वाढवायची, हे आता सरकारी धोरण आहे. जंगल आणि झाडं वाढवून २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषला जाईल, असं उद्दिष्ट भारताने पॅरिस करारात ठेवलंय. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. कार्बन क्रेडिटसाठीही झाडं लावली जातात.

एवढ्या झाडांना जमीन लागते. कागदावर ‘पडीक’ दिसणारी जमीन गावासाठी मात्र चराईची, सरपणाची, गवताची असते. लोकांना विचारलं नाही, तर कुंपण तुटतं, रोपं जनावरं खातात आणि खर्च वाया जातो.

मोजायच्या पद्धती

• पाच पायऱ्यांचा प्रश्न : ‘पूर्ण सहमत’पासून ‘अजिबात सहमत नाही’पर्यंत पाचपैकी एक उत्तर निवडायचं. ही पद्धत रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली.

• दोन पर्यायांतून निवड : एका कार्डावर ‘सागवान, पाच वर्षं चराई बंद’, दुसऱ्यावर ‘आंबा, मोह, बांबू, अर्धी जागा चराईला मोकळी’. माणूस कशासाठी काय सोडायला तयार आहे, ते यातून कळतं.

• गटचर्चा आणि शिवारफेरी : लोकांसोबत जागेवर फिरून बोलायचं. यात टक्केवारी निघत नाही, पण ‘का’ याचं उत्तर मिळतं.

आकडा कुठे फसतो?

पहिली गोष्ट, कोणाला विचारलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निवडून ४०० जणांना विचारलं, तर साधारण ५ टक्के इकडं-तिकडं एवढा अंदाज बांधता येतो. पण पारावर बसलेल्यांनाच विचारलं, तर ४,००० उत्तरंही उपयोगाची नाहीत. सरपण आणणाऱ्या बाया, मेंढपाळ, भूमिहीन हे बहुतेक वेळा यादीबाहेरच राहतात.

दुसरी, कोणी विचारलं. साहेब समोर असले की माणूस त्यांना आवडेल तेच बोलतो.

तिसरी, प्रश्न कसा होता. “पर्यावरण वाचवण्यासाठी झाडं लावावीत का?” या प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे. कोणती झाडं, कोणाच्या जमिनीवर, पाणी कोण घालणार, पैसा कोणाला, हे विचारल्याशिवाय खरं मत कळत नाही.

सर्वेक्षण म्हणजे संमती नव्हे

हा फरक लक्षात ठेवा. सर्वेक्षणात एकेकट्याचं मत घेतलं जातं, निर्णय मात्र सगळ्यांनी बसून घ्यायचा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ साली मिळाला. तिथं विषय आधी अभ्यासगटात चर्चेला येतो आणि ग्रामसभेत बहुमताने नाही, तर सर्वसहमतीने ठरतो. लोकांचं मत समजून घ्यायची ही पद्धत सावकाश चालते, पण ठरलेलं सगळ्यांना माहीत असतं.

तुमच्या गावात कोणी विचारायला आलं तर हे विचारा

१. सर्वेक्षण कोणासाठी आहे, खर्च कोण करतंय?
२. जमीन कोणती? गट नंबर सांगा.
३. झाडं कोणती, चराई किती वर्षं बंद?
४. कार्बन क्रेडिटचा पैसा आला तर गावाचा वाटा किती?
५. निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवणार का?

आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मत तोंडी सांगितलं तरी चालतं, पण सही केली की तिला संमती ठरवलं जाऊ शकतं.