लेझीम
लेझीम हा महाराष्ट्रातील तालबद्ध सांघिक व्यायामप्रकार व लोकनृत्य असून त्याच्या साधनासही हेच नाव आहे. फारसीत ‘लेझम’ म्हणजे सरावासाठीचे, साखळी लावलेले धनुष्य. प्रचलित लेझिमीत लाकडी दांडा व पत्र्याच्या चकत्या ओवलेली लोखंडी साखळी असते.

हलगी किंवा ढोलाच्या ठेक्यावर ‘चार आवाज’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ इत्यादी प्रकार केले जातात. वाकणे, बसणे, उठणे व झेप घेणे यांमुळे सर्वांगाला व्यायाम घडतो. लय वाढते तसा दम लागतो. तरीही सर्व साखळ्या एकाच क्षणी वाजाव्या लागतात आणि एकाचीही चूक लगेच ऐकू येते. म्हणूनच तालमींबरोबर शाळांतील कवायतीतही लेझिमीला स्थान मिळाले. हिंगोलीसह मराठवाड्यात गणेशोत्सव व शिवजयंतीच्या मिरवणुकांत लेझीम खेळली जाते.