चिमणी अजून उभी आहे

माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. काचेची बिल्डिंग, खाली कॉफी शॉप आणि मागे एक एकटी चिमणी. दोन वर्षं ती रोज दिसत होती, पण कधी काही वाटलं नाही. गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या चौघांना एका दुपारी नारळ दिला. त्या संध्याकाळी चिमणीकडे बघताना पहिल्यांदा डोक्यात आलं, की या भागातल्या हजारो घरांची चूल बंद झाली, तेव्हा काय झालं असेल?

इंजिनिअर माणूस, म्हणून आधी आकडे पाहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. ठीक आहे, पण घरात काय झालं? ते आकडे सांगेनात. मग मोर्चा वळवला साहित्याकडे, आणि एक गंमत लक्षात आली. काळ बदलला तसे विषय बदलले हे तर झालंच, पण कलेचा आकारही बदलला.

बघा हं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईत आलेले, गिरणीत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' गाजली. गावी राहिलेल्या बायकोचा विरह गाता गाता ती बेळगाव-कारवारच्या विरहापर्यंत पोचते. समोर बसलेल्या कामगाराला हे समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण त्याचीही मैना गावीच होती! हे मैदानात, खड्या आवाजात गायचं गाणं. गर्दी होती म्हणून गाणं होतं.

पुढे १९६२ ला नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला एका गिरणी कामगाराने वाढवलं होतं. त्यांच्या कवितेत कामगार स्वतःच्या तोंडाने बोलतो, तेही ताठ मानेने.

आणि संपानंतर? जयंत पवारांचं 'अधांतर' आलं १९९७ मध्ये. इथे मैदान नाही, मोर्चा नाही. चाळीतली एक खोली, आई आणि चार मुलं. एक मुलगा गुन्हेगारीकडे सरकतो, आणि सगळे एकमेकांवर चिडतात. मालक, सरकार, युनियन यांच्यावर काढायचा राग घरातल्या घरात निघतो. मला हे वाचताना अक्षरशः गलबलून आलं. गर्दी फुटली, माणूस खोलीत एकटा पडला, म्हणून नाटकही खोलीत आलं. ठाण्याचे रेडिऑलॉजिस्ट आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००१ मध्ये 'लोअर परळ' रंगवलं. पवारांच्या पुढच्या कथासंग्रहाचं नावच 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे हे माहीत असेल, तर हे नाव चांगलंच टोचतं. त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता आमच्याकडे येऊ. त्या चौघांचं गाणं कोण लिहिणार? त्या दुपारी आम्ही काय केलं, तर लॅपटॉपकडे बघत बसलो. एकाने व्हॉट्सॅपवर हात जोडलेला इमोजी टाकला. मीही तोच टाकला. आमच्याकडे ना मैदान आहे, ना चाळीतली खोली. प्रत्येकाचा हेडफोन वेगळा. आमच्या काळाची कला कदाचित या गप्प बसण्यातूनच येईल. पण ती लिहायला आधी कुणीतरी कबूल करावं लागेल, की आपण गप्प बसलो होतो.

मी तरी केलं. त्यातल्या एकाला आज फोन लावला, जो महिन्यापूर्वीच लावायला हवा होता. तासभर बोललो. असो, उद्या सोमवार, चिमणी आहेच.