हिऱ्याचे पाणी

मुलीच्या लग्नाची खरेदी चालली होती. लातूरच्या गंजगोलाईजवळ एका सराफाच्या पेढीवर आम्ही बसलो होतो. समोर दोन जोड. एक नवा, पांढऱ्या सोन्यात एकेक खडा बसवलेला. दुसरा माझ्या अम्मीच्या कुड्यांचा, रुमालात गुंडाळून आणलेला. आमच्या परवानगीने सराफाने कुडीतला हिरा कोंदणातून मोकळा केला, पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवला आणि म्हणाला, "काका, हा 'के' नाहीतर 'एल' रंगाचा आहे. पिवळी झाक आहे."

माझी मुलगी सावळी. हे स्थळ जमण्याआधी दोन ठिकाणांहून रंगावरून नकार आलेला. ती हसून म्हणाली, "अब्बा, म्हणजे दादीच्या हिऱ्यालाही नकार आला तर!"

मी हसलो खरा, पण ते वाक्य मनातून जाईना. हिऱ्याचा रंग लावायला माणसाने कधी सुरुवात केली, हे शोधत मी मागे मागे गेलो.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादजवळचा गोवळकोंडा म्हणजे हिऱ्यांची बाजारपेठ. खाणी मात्र दूर, आजच्या आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी कोल्लूरसारख्या गावांत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाची भूक मुख्यतः हिंदुस्थाननेच भागवली. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या खाणी पाहून गेला. तो लिहितो, की आमच्याकडे कच्चा हिरा दिवसाउजेडी पारखतात, इथे रात्री. भिंतीत फूटभर कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा आणि त्या उजेडात चिमटीत धरलेला खडा. रंगाला शब्द होता 'पाणी'. निळसर झाक असलेले 'आकाशी' पाणी सर्वांत हलके मानत. ते ओळखायला खडा दाट पानांच्या झाडाखाली न्यायचा. हिरव्या सावलीत निळेपणा लपत नाही.

त्याहून हजारेक वर्षे मागे गेलो, तर वराहमिहिराची 'बृहत्संहिता' भेटते. तिथे हिऱ्याच्या रंगांना वर्ण वाटून दिलेले आहेत. पांढरा ब्राह्मणाचा, तांबडा व पिवळा क्षत्रियाचा, शिरीषाच्या फुलासारखा वैश्याचा आणि तलवारीच्या पात्यासारखा काळपट शूद्राचा. माणसांची उतरंड माणसांनीच दगडावर चढवली. दगडाची त्यात काही चूक नव्हती.

आजची इंग्रजी अक्षरांची पद्धत अमेरिकेतल्या 'जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट'ने १९५०च्या दशकात रूढ केली. ती 'डी'पासून सुरू होते आणि 'झेड'ला संपते. ए, बी, सी ही अक्षरे व्यापारी आधीच मनाला येईल तशी वापरत होते, म्हणून ती सोडून दिली. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन; जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन; के ते एम म्हणजे फिकट पिवळसर. पिवळेपणा येतो तो बहुधा हिऱ्यात अडकलेल्या नायट्रोजनच्या अणूंमुळे. गोवळकोंड्याच्या नामांकित हिऱ्यांत तो जवळपास नसतोच, म्हणून त्यांचे पाणी वाखाणले गेले.

पण पारख होते खडा पालथा ठेवून, ठरावीक उजेडात, नमुन्याच्या खड्यांशेजारी. कानात कोणी हिरा पालथा घालत नाही. हातभर अंतरावरून 'जी' आणि 'एच' यांतला फरक भल्याभल्यांना दिसत नाही. पांढऱ्या सोन्यात पिवळी झाक उघडी पडते, पिवळ्या सोन्यात ती मिसळून जाते. जुने कारागीर हे जाणून होते. कोंदण मागून बंद करून खाली चकचकीत डांक घालायचे, की खडा उजळायचा.

घेणाऱ्याने एवढे पाहावे. दोन्ही खडे रंगाने आणि आकाराने एकमेकांना जुळावेत. पैलू नीट पाडलेले असावेत, कारण लकाकी मुख्यतः त्यांचीच. पेढीवरच्या झगझगीत दिव्यांवर न जाता जोड दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघावा. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याचा नव्हे. हिऱ्याचे प्रमाणपत्र वेगळे मागावे. आता प्रयोगशाळेतही अस्सल हिरे तयार होतात, नुसत्या डोळ्यांना ते ओळखू येत नाहीत. म्हणून हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे पावतीवर लिहून घ्यावे.

नांदेडला गोदावरीकाठी हिराघाट नावाचा गुरुद्वारा आहे. शीख परंपरा सांगते, की १७०८ साली बादशहा बहादूरशहाने गुरू गोविंदसिंगांना मौल्यवान हिरा नजर केला आणि गुरूंनी तो नदीत टाकला. या फकिराला हिऱ्याची किंमत काय कळणार, असे बादशहाच्या मनात आले. गुरूंनी त्याला पाण्यात पाहायला सांगितले. तिथे तसल्या हिऱ्यांचा ढीग पडला होता.

हिऱ्याचे पाणी लावणारा बादशहा खऱ्या पाण्याकडे पाहायला विसरला होता. मीही विसरलोच होतो.

आम्ही नवा जोड घेतला नाही. अम्मीचे खडे पिवळ्या सोन्यात पुन्हा बसवून घेतले, फक्त फिरक्या नव्या केल्या. निकाहच्या दिवशी मुलीने त्या कुड्या घातल्या. तिच्या सावळ्या गालाशेजारी ते खडे असे उजळले, की अक्षर कोणते, हे विचारायचे कुणाला सुचलेच नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)