डेबकॉन्फची कुळकथा

संगणकावर एखादे पॅकेज बसवणे म्हणजे त्याच्या फायली नेमून दिलेल्या जागी नेऊन ठेवणे, एवढ्यावर ते काम संपत नाही. ज्या यंत्रावर त्याला नांदायचे आहे त्याचे नाव काय, त्याची टपाल कोणत्या वाटेने जाते, त्याच्या धन्याची मर्जी काय, हे कळल्यावाचून त्याचा कारभार सुरूच होत नाही. ही विचारपूस केव्हा आणि किती करावी, याचा विवेकपूर्ण निवाडा डेबियन प्रणालीच्या स्वयंसेवकांनी केला, आणि तो मला अतिशय आदरणीय वाटतो.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. पॅकेज बसवणारे ‘डीपीकेजी’ हे साधन पुढच्या वर्षी इयन जॅक्सन याने सी भाषेत नव्याने लिहिले. बसवण्यापूर्वी व नंतर, तसेच काढण्यापूर्वी व नंतर चालवायच्या स्क्रिप्ट पॅकेजसोबतच येत, आणि फायली जागेवर पडल्यानंतर चालणारी स्क्रिप्ट धन्याला हवे ते विचारी. प्रत्येक पॅकेजचा सांभाळकर्ता आपापल्या धाटणीने प्रश्न घाली. अनेक पॅकेजे एका वेळी चढवायला घेतली, की मध्येच कुठेतरी एखादा प्रश्न उभा राही आणि उत्तर मिळेपर्यंत सारे काम तिथेच अडून बसे. त्यामुळे पुष्कळ यंत्रांची व्यवस्था पाहणाऱ्याला पडद्यासमोरून हलण्याची सोय नसे.

विचर्ट अकरमान आणि जोई हेस यांनी मांडलेल्या विनिर्देशाच्या आधारे हेस याने १९९९ साली डेबकॉन्फ लिहिण्यास आरंभ केला, तो ही अडचण मुळापासून दूर करण्यासाठी. पॅकेजे उतरवून झाली, की ती उलगडण्यापूर्वीच त्यांतील प्रश्नांचे साचे बाहेर काढून सर्व विचारणा आरंभीच उरकावी. प्रत्येक प्रश्नाला निम्न, मध्यम, उच्च वा अत्यावश्यक असा दर्जा द्यावा, आणि धन्याने ठरवलेल्या पायरीखालच्या प्रश्नांना ठरीव उत्तर धरून पुढे जावे. एकदा दिलेल्या उत्तराची नोंद राहावी, म्हणजे नव्या आवृत्तीच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा पुढे येऊ नये, अशी ही तजवीज होती. उत्तरे अगोदरच भरून ठेवली, तर माणूस समोर नसतानाही यंत्र सिद्ध होते.

तथापि या सर्वांहून मोलाचा मला एक निर्बंध वाटतो. डेबकॉन्फच्या दप्तरातील नोंद ही अंतिम सनद नव्हे. धन्याने व्यवस्थेच्या फायलीत स्वहस्ते केलेला बदल तिच्यापेक्षा श्रेष्ठ मानावा, आणि पॅकेजची नवी आवृत्ती येताना तो पुसला जाऊ नये, असा डेबियनचा लिखित दंडक आहे. ज्याचे यंत्र त्याचीच मुखत्यारी, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे नियमात उतरलेले फार थोड्या ठिकाणी आढळते.

प्रश्नाचा मजकूर स्क्रिप्टपासून अलग साच्यात ठेवल्याचे आणखी एक फळ मिळाले: मूळ आज्ञांना हात न लावता तो निरनिराळ्या भाषांत उतरवता येऊ लागला. सी भाषेत लिहिलेल्या डेबकॉन्फच्या धाकट्या भावंडावर डेबियनचा नवा इन्स्टॉलर उभा राहिला, आणि १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसृत झालेल्या ‘लेनी’ आवृत्तीत त्याच्या भाषांमध्ये मराठीची भर पडली.