बिनतारी वेळ आणि वातावरण-संस्कार

जुन्या कागदाचा काल ठरवितांना तो कोठें लिहिला व कोणत्या वाटेनें आला, हें संशोधक आधीं पाहतो. बिनतारी यंत्रानें आलेल्या वेळेसही हाच न्याय लागू आहे.

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत प्रमाण वेळ सुरू झाली. ती ८२॥ अंश रेखांशाची असल्यामुळें पुण्याची स्थानिक मध्यम वेळ तिच्या सुमारें ३५ मिनिटें मागें पडते. हा झाला देशान्तर-संस्कार. स्थळ हालत नाहीं, म्हणून तो कायमचा ठरलेला आहे. वातावरणाचा संस्कार मात्र प्रहरागणिक बदलतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनें १९५९ सालीं ‘एटीए’ या संकेतनामाचें प्रक्षेपण सुरू केलें. त्यांतून सेकंदाचे ठोके व १० मेगाहर्ट्झची प्रमाण कंप्रता मिळे. दिल्लीहून पुणें सरळ रेषेनें सुमारें ११७० किलोमीटर. प्रकाशवेगानें हें अंतर ३.९ मिलिसेकंदांत तुटतें. परंतु लघुलहरी आयनांबरावरून परतून खालीं येतात. परावर्तन २५० किलोमीटर उंचीवर झाल्यास मार्ग सुमारें १३०० किलोमीटर, ३५० वर झाल्यास सुमारें १३९० किलोमीटर भरतो. म्हणजे केवळ उंचीच्या फरकानें ०.३ मिलिसेकंदाचें अंतर पडतें. थर वरखालीं सरकत असतां कंप्रताही किंचित् ढळते. दिल्लीचें घड्याळ कितीही बिनचूक असलें, तरी पुण्यास पोंचणारी वेळ तितकी बिनचूक नसे.

उपग्रहाची वेळ आयनांबर भेदून येते. तेथील विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. यास्तव भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांसाठीं ११७६.४५ व २४९२.०२८ मेगाहर्ट्झ या दोन कंप्रता योजिल्या. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती ताडून पाठभेदावरून मूळ पाठ शोधावा, तसा या दोहोंच्या फरकावरून विलंब काढतां येतो. खालच्या हवेचा दोष मात्र दोन्ही प्रतींत सारखाच उतरतो. डोक्यावरील उपग्रहाच्या बाबतींत तो सुमारें ८ नॅनोसेकंद असतो. त्यांतील बाष्पाचा अंश पावसाळ्यांत वाढतो. तो हवेचा दाब व आर्द्रता यांवरून निराळा अजमावावा लागतो.

नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथें स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजून त्यांची वर्षानुवर्षें तुलना होते. अशा नोंदींत वेळेचें मूळ, आलेला मार्ग व केलेला संस्कार नमूद नसेल, तर पुढील अभ्यासकास त्या मिति नसलेल्या पत्राइतक्याच उपयोगी पडतील. जुन्या बिनतारी केंद्रांच्या नोंदवह्या कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यानें आंकड्यांबरोबर समासांतील टिपणेंही जपून ठेवावीं. वेळेची वाट त्यांतच लिहिलेली असते.