काळ्या मोटारीची झळाळी : निगा, धुलाई आणि संरक्षण

काळ्या रंगाची नवी मोटार दारी उभी राहिली की तिच्या बॉनेटमध्ये आभाळ आणि माडाच्या झावळ्या आरशासारख्या उमटतात. वर्ष-दीड वर्षाने तीच गाडी उन्हात न्याहाळली तर प्रतिबिंबावर कोळ्याचे जाळे पसरल्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. मालक दोष रंगाला देतो, कंपनीला देतो किंवा उन्हाला देतो. वस्तुतः यांतील बहुतेक ओरखडे गाडी चालविताना नव्हे, तर ती पुसताना पडलेले असतात. त्यामुळे काळ्या रंगाची निगा ही मुख्यतः धुण्यापुसण्याच्या सवयींची गोष्ट आहे.

रंगाची रचना

आधुनिक मोटारीचा रंग एकाच थराचा नसतो. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, अशी ही रचना असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे भरतात. त्यातील पारदर्शक थर सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. छपाईचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराचा नाजूकपणा कळतो. चकाकी देणारा आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचविणारा थर हाच. तो झिजला की पुन्हा वाढत नाही. पुरेसा झिजला तर रंग पांढुरका पडतो, थर सोलवटू लागतो आणि मग तो भाग नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

काळ्यावरच ओरखडे का दिसतात

ओरखडे पांढऱ्या गाडीवरही तितकेच पडतात. मात्र पांढरा रंग स्वतःच चहूबाजूंना भरपूर प्रकाश विखुरतो आणि ओरखड्यांतून विखुरलेला थोडासा प्रकाश त्यात हरवून जातो. काळा रंग आत शिरलेला प्रकाश जवळपास सगळा शोषून घेतो. डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो केवळ वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश, म्हणून त्या पृष्ठभागावरील प्रत्येक रेघ काळ्या पार्श्वभूमीवर उजळून दिसते. हे ओरखडे गोल दिसतात, पण ते गोल नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात आणि प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडवे असलेलेच तेवढे चमकतात. दिव्याची जागा बदलली की ‘जाळे’ही त्याच्याबरोबर सरकते.

गोव्यातील धूळ, खार आणि पाऊस

जांभ्या दगडापासून बनलेली आपली तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडने समृद्ध असते आणि रस्त्यावरील धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कणही मिसळलेले असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. त्यापुढे रंगाचा पारदर्शक थर अगदीच मऊ. डिचोली, सांगे यांसारख्या खाणपट्ट्यातील खनिजवाहतुकीच्या रस्त्यांवर यात लोहखनिजाच्या भुकटीची भर पडते. अशी धूळ बसलेल्या गाडीवर रोज सकाळी कोरडे फडके फिरविणे म्हणजे तिच्यावर बारीक पॉलिश पेपर घासण्यासारखेच आहे. गाडी पुसणारा माणूस तेच फडके शेजारच्या दहा गाड्यांवर फिरवून आणत असेल, तर नुकसान आणखी वाढते.

किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याचा त्रास वेगळा. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. जिथे दगड उडून रंगाचा टवका निघालेला असतो तिथे ते गंजाला आमंत्रण देते. बॉनेटच्या पुढच्या कडेवरील असे टवके पावसाळ्यापूर्वी टच-अप रंगाने बुजवावेत.

धुण्याची रीत

गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागत असतानाच धुवावी. सकाळी लवकरची वेळ उत्तम. उन्हात काळा पत्रा सहज हात पोळण्याइतका तापतो, पाणी पाहता पाहता वाळते आणि त्यातील क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात.

प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. या टप्प्यावर हात लावू नये. प्रेशरचे यंत्र असल्यास नळी किमान फूटभर अंतरावर धरावी आणि रंगाच्या टवक्यांवर थेट झोत मारू नये. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीसाठीचा शॅम्पू आणि दुसरीत निव्वळ पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून त्यातील माती काढावी आणि नंतरच पुन्हा शॅम्पूत घालावा. काम छतापासून खाली न्यावे. दारांचे खालचे भाग सर्वांत मळके असल्याने ते शेवटी धुवावेत. चाकांसाठी बादली आणि ब्रश वेगळे ठेवावेत, कारण ब्रेकच्या घर्षणातून निघालेले लोखंडी कण तिथेच साचतात. हात गोल न फिरविता सरळ रेषेत आणि दाब न देता चालवावा.

भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. त्याने वॅक्सचा लेप उतरतो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने गाडी पुसण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. त्याची चकाकी तासाभराची असते, तेलकट पापुद्र्यावर धूळ अधिक चिकटते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात.

शेवटी जाड, मऊ मायक्रोफायबर टॉवेल रंगावर पसरून पाणी टिपून घ्यावे. टॉवेल जमिनीवर पडला तर तो धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर शेवटची खंगाळणी साठविलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्याने करणे हा उत्तम उपाय आहे.

डाग : ज्यांना थांबता येत नाही

पक्ष्यांची विष्ठा हा काळ्या रंगाचा मोठा शत्रू आहे. ती आम्लधर्मी असते. शिवाय उन्हात तापून मऊ झालेला पारदर्शक थर संध्याकाळी थंड होताना तिच्याभोवती आक्रसतो आणि तिचा खडबडीत ठसा कायमचा उमटतो. ती खरवडून काढू नये. ओले फडके पाच-दहा मिनिटे त्यावर ठेवून ती भिजवावी व हलकेच उचलावी. यासाठी गाडीत पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ फडके कायम असावे.

आंबा, फणस आणि काजूच्या झाडाखाली गाडी उभी करणे टाळावे. चीक पडलाच तर कोमट पाण्याने मऊ करावा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने टिपावा आणि तो भाग धुवून घ्यावा. क्षारांचे ताजे ठिपके पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून काढता येतात. मिश्रण मात्र लगेच धुवून टाकावे.

सणावारांतही थोडी काळजी घ्यावी. दसऱ्याच्या पूजेचे ओले हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या बॉनेटवर रात्रभर राहिल्या तर डाग पडतात. कुंकवाचे बोट काचेवर लावावे आणि हार दोरीने रंगावर घासणार नाही असा बांधावा. शिगमोत्सवातला गुलाल कोरडा असतानाच पुसू नये. तो पाण्याच्या धारेने वाहून जाऊ द्यावा.

क्ले, पॉलिश आणि वॅक्स

या तिन्हींची गल्लत नेहमी होते. धुतलेल्या रंगावरून हात फिरविताना खरखर जाणवली तर चिकटलेले कण काढण्यासाठी क्ले वापरतात. तो भरपूर ओलाव्यासहच फिरवावा आणि जमिनीवर पडल्यास फेकून द्यावा. पॉलिश ओरखडे भरत नाही. ओरखड्याभोवतीचा पारदर्शक थर झिजवून पृष्ठभाग समतल करते. म्हणजेच प्रत्येक यंत्र-पॉलिशमध्ये मर्यादित शिल्लक खर्च होते. ते वर्षातून दोनदा करण्याचे काम नव्हे. करायचेच झाल्यास आधी रंगाची जाडी यंत्राने मोजून घेण्याचा आग्रह धरावा.

वॅक्स आणि सीलंट हे संरक्षक लेप आहेत. वॅक्स साधारण एक-दोन महिने टिकते, कृत्रिम सीलंट त्याहून अधिक. सिरॅमिक कोटिंग काही वर्षे टिकू शकते, पाणी झटकते आणि धुणे सोपे करते. तथापि त्याची जाडी जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन असते. त्यामुळे ‘ओरखडे पडणारच नाहीत’ हा विक्रेत्याचा दावा मानू नये. उडणाऱ्या दगडांपासून बचाव हवा असेल तर १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म हाच उपाय आहे, आणि तो महाग आहे. लेप कोणताही असो, त्याखाली जे ओरखडे असतील ते तसेच राहतात.

वर्षभराचे वेळापत्रक

उन्हाळ्यात दर आठवड्याला धुलाई करावी. मे महिन्याच्या अखेरीस क्ले फिरवून नवे वॅक्स किंवा सीलंट लावावे. पावसाळ्यात गाडी धुतलेलीच दिसते, तरी दर पंधरवड्याला शॅम्पूने धुवावी, कारण चिखल दारांच्या खालच्या कडांत आणि चाकांच्या कमानींत साचून राहतो. पाऊस ओसरल्यावर पुन्हा एकदा संरक्षक लेप द्यावा. आच्छादन घालायचेच तर स्वच्छ आणि कोरड्या गाडीवर घालावे. धुळीच्या गाडीवर ते वाऱ्याने घासत राहते, तर ओल्या गाडीवर ओल कोंडून धरते.

वेळ नसेल तेव्हा गाडी मळकी राहू द्यावी. धूळ नुसती बसून राहिल्याने रंगाचे फारसे बिघडत नाही, घाईघाईने कोरडी पुसल्याने मात्र बिघडते. काळी गाडी दहा वर्षांनीही प्रतिबिंब दाखवीत राहावी असे वाटत असेल, तर कोरडे फडके आजच बाजूला ठेवावे.